नकाशा दिला म्हणजे नक्की काय दिलं?

मुळशीला जाणं हा पुण्यातल्या आयटीवाल्यांचा वार्षिक सण आहे. पहिला पाऊस झाला की चांदणी चौकापासून गाड्यांची रांग लागते. मग पिरंगुट, पौड, भजी, ताम्हिणीत रस्त्याच्या कडेला धबधब्याखाली फोटो, आणि रविवारी रात्री "निसर्ग म्हणजे ना..." असं म्हणत त्याच रांगेतून परत. नावं ठेवत नाहीये, मीही त्यातलाच.

गेल्या जुलैत आमच्या टीमनेही हा सण साजरा केला. धरणाच्या अलीकडे एका टपरीवर थांबलो होतो. एकाने मोबाईलवर नकाशा उघडला आणि म्हणाला, "बाप रे, केवढं तळं आहे हे!" खरंच केवढं. बोटं फाकवलेल्या पंज्यासारखा निळा डाग आणि काठावर रिसॉर्टांची नावं. (गावांची नावं दिसायला अजून दोनदा झूम करावं लागतं. रिसॉर्टं आधी, गावं नंतर. असो.) आमच्यातला एक जण, त्याला इथे नुसतं मुळशीकर म्हणतो, भजी खाता खाता त्या डागावर तेलकट बोट ठेवून म्हणाला, "आमचं गाव इथे होतं."

"इथे म्हणजे? काठावर?"

"काठावर आत्ता आहे. तेव्हाचं इथे." बोट पाण्यातच.

तीन वर्षं आम्ही शेजारी बसतो. मला हे माहीत नव्हतं. सगळे दोन सेकंद गप्प झाले, मग कुणीतरी चहा सांगितला. तेवढ्यात हा माझ्याकडे वळून म्हणाला, "तू दिवसभर नकाश्यांचंच काम करतोस ना रे? मग दाखव की आमचं गाव."

माझं काम थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या एका गिऱ्हाईकासाठी आम्ही जुने पुराचे नकाशे स्कॅन करून आजच्या नकाशावर नेमके बसवतो. ब्राउझरमध्ये एक पट्टी असते. ती सरकवली की जुना नकाशा पुसट होत जातो आणि खालचा आजचा दिसायला लागतो. म्हणजे ज्या गावाचं नावही मला धड उच्चारता येत नाही, तिथे १९३६ साली नदी कुठून वाहत होती हे मी शपथेवर सांगू शकतो. आणि ऑफिसपासून दीड तासावर टेबलमेटचं गाव कुठे होतं हे सांगता येईना. चिडायलाच झालं.

मुळशी सत्याग्रह बहुतेकांना शाळेत एखाद्या ओळीत भेटलेला असतो, म्हणून दोन ओळी जास्त. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांनी मुळा नदीवर धरण बांधायला घेतलं. पूर्वेला पुण्याकडे वाहणारं पाणी अडवायचं, ते पश्चिमेला घाटाखाली भिऱ्याला सोडायचं आणि त्या उंचीवर वीज करायची. अभियांत्रिकी म्हणून विचाराल तर कल्पना झकास आहे. फक्त ज्या खोऱ्यात पाणी साठवायचं होतं तिथे माणसं राहत होती आणि भात पिकवत होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' लोक म्हणायला लागले ते इथे. त्यांच्याबरोबर विनायकराव भुस्कुटे होते. ५२ गावांचा उल्लेख या लढ्याच्या इतिहासात येतो. लढा काही वर्षांत मोडला, धरण १९२७ मध्ये पुरं झालं. राजेंद्र व्होरांनी या लढ्यावर पुस्तक लिहिलंय, इंग्रजीतही २००९ साली आलंय आणि त्याच्या नावातच 'जगातली पहिली धरणविरोधी चळवळ' असं म्हटलंय. आपण तिथे भजी खातो.

तर शनिवारी बसलो. परदेशातल्या एका ग्रंथालयाने मुंबई इलाख्याच्या जुन्या सर्वेक्षणाचे नकाशे स्कॅन करून ठेवलेत, त्यातले आपल्या कामाचे उतरवून घेतले. आता ज्यांनी कधी हे काम केलं नाही त्यांच्यासाठी: चित्र नकाशावर टाकणं ही स्क्रिप्टमध्ये अक्षरशः एका ओळीची गोष्ट आहे. लीफलेट नावाची फुकट लायब्ररी आहे. तिला चित्राचा पत्ता द्या, चित्राचा नैऋत्य कोपरा आणि ईशान्य कोपरा यांचे अक्षांश-रेखांश द्या, झालं. चित्र जागेवर जाऊन बसतं. पारदर्शकता शून्य ते एक यांच्यामध्ये द्या, म्हणजे पट्टी तयार. सगळं मिळून बारा-पंधरा ओळी. कॉलेजातलं सबमिशन यापेक्षा मोठं असायचं.

ते दोन कोपरे कुठून आणायचे, एवढाच काय तो प्रश्न.

मी शहाणपणा केला. नकाशाच्या चौकटीवर अक्षांश-रेखांश छापलेले होते, तेच घेतले. चित्र बसलं, पट्टी सरकवली, आणि डोंगरावर नदी वाहायला लागली. सगळं खोरं पूर्वेला सरकलेलं, थोडंथोडकं नाही, चार किलोमीटरहून जास्त! अर्धा दिवस मी स्वतःच्या कोडला शिव्या घातल्या. मग नकाशाच्या समासातली बारीक टीप वाचली. जुन्या काळी भारतातले सगळे रेखांश मद्रासच्या वेधशाळेपासून मोजत, आणि त्या वेधशाळेचाच रेखांश २ मिनिटं २७ सेकंदांनी चुकला होता. आपल्या अक्षांशावर एक सेकंद म्हणजे साधारण २९ मीटर. करा गुणाकार, सव्वाचार किलोमीटर. मद्रासमधली एक चूक आणि मुळशीचं अख्खं खोरं जागचं हललेलं! शिवाय भारतीय सर्वेक्षणाचा जुना पाया एव्हरेस्टचा, आजच्या जीपीएसचा वेगळा, त्याचा फरक आणखी. तो या मानाने किरकोळ, पण घर शोधायचं असेल तर किरकोळ नाही.

मग सरळ मार्गाने गेलो. चौकट विसरायची आणि दोन्ही नकाशांवर ज्या जागा नक्की एकच आहेत अशा शोधायच्या. क्यूजीआयएसमध्ये यासाठी खिडकी आहे: जुन्या नकाशावर टिचकी, नव्या नकाशावर टिचकी, अशा जोड्या द्यायच्या. हिशेबाला तीन जोड्या पुरतात, पण कागद आकसलेला आणि स्कॅन वाकडा असला की सहा-आठ तरी लागतात. पण खोऱ्यातल्या जोड्या द्यायच्या कुठून? नद्यांचे संगम पाण्यात, रस्ते पाण्यात, देवळं पाण्यात. शेवटी वर बघितलं. घनगड, कैलासगड, कोराईगड, तिकोना, तुंग, हे शंभर वर्षांत कुठे गेलेले नाहीत. मुळशीकराला फोन करून हे सांगितलं तर तो म्हणाला, "आमचा आज्जाबी वाट चुकला की गडच बघायचा."

(आणखी एक गंमत. सर्वेक्षण विभागाच्या पुढच्या काळातल्या शीटा घेतल्या तर हे तळं बरोबर चार शीटांच्या कोपऱ्यावर येतं. ४७ एफ मधल्या ६, ७, १० आणि ११. साडेअठरा अक्षांश आणि साडेत्र्याहत्तर रेखांश या रेघा धरणाजवळच एकमेकींना छेदतात. म्हणजे एक तळं बघायला चार कागद. आमच्यासारख्यांची चांगलीच जिरवायची व्यवस्था.)

रविवारी संध्याकाळी नकाशा बसला. किती बसला? उरलेली चूक कुठे वीस, कुठे चाळीस मीटर. एक इंचाला एक मैल असा नकाशा, त्यात एक मिलिमीटर म्हणजे ६३ मीटर, त्यामुळे याहून जास्त अपेक्षा करण्यात अर्थ नाही. ज्या गावांची नावं शंभर वर्षं फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडात होती ती निळ्या पाण्यातून वर आली. पट्टी डावीकडे नेली की घरांचे ठिपके, पायवाट, ओढा. उजवीकडे नेली की नुसता निळा.

मुळशीकराने लॅपटॉप घरी नेला. त्याची आजी पंच्याऐंशीच्या पुढची, तिचा जन्म धरणानंतरचा, म्हणजे तिनेही हे गाव पाहिलेलं नाही, फक्त सासूकडून ऐकलेलं. ती पडद्यावर बोट फिरवत म्हणाली म्हणे, "ह्यो वढा का? ह्याच वढ्याला आत्याबाई पाण्याला जायच्या?" बरोबर होतं की नाही कुणास ठाऊक. हो म्हणाला तो.

इथेच हा लेख संपला असता, तुम्ही छान छान म्हणाला असता आणि मीही खूश झालो असतो. पण पुढचं सांगायचंय म्हणून तर लिहायला बसलो.

दोन आठवड्यांनी मुळशीकराच्या चुलत्यांचा, तात्यांचा, मला थेट फोन. "बाळा, तू म्हणं नकाशे लावतोस एकावर एक. आमचा एक लावून देशील का?" यावेळी जुना नव्हता. एका नव्या रस्त्याच्या आखणीचा प्रारूप नकाशा एका सरकारी कार्यालयाने प्रसिद्ध केला होता आणि हरकतींना तीस दिवस होते. त्यातले अकरा गेलेले. तात्यांच्या घरी एक जमिनीचा एजंट येऊन गेला होता. त्याने सांगितलं, तुमचं घर लायनीत जातंय. आत्ता विकलंत तर मी एवढे देतो, नंतर सरकारी दर मिळेल तो मिळेल. विसाराची पावती लिहून सोबतच आणली होती. तात्या म्हणाले, "मला फक्त एवढं सांग, लाईन घरावरून जाते का नाही."

प्रश्न बघा किती साधा आहे. रेघ माझ्या घरावरून जाते की नाही?

प्रसिद्ध झालेला नकाशा उघडला. पीडीएफ. आत भिंतीएवढ्या कागदाचा स्कॅन, किंचित तिरका, एका कोपऱ्यात घडीची रेघ. गट नंबर आहेत, पण झूम केलं की मुंग्या. सूची इंग्रजीत. उत्तर दिशेचा बाण आहे, प्रमाण लिहिलंय, पण ते मूळ कागदाचं, पडद्यावर त्याला काही अर्थ नाही. अक्षांश-रेखांशाची एकही रेघ नाही. एकही! आणि त्यावरून लाल जाड रेघ, जिची नुसती जाडीच जमिनीवर तीसेक मीटर भरते. तात्यांचं अख्खं घर आणि गोठा त्या रेघेच्या जाडीत बसतो.

आता माझं डोकं का फिरलं ते समजून घ्या. हा नकाशा १८८० सालचा नाही. हातात साखळी घेऊन कुणी डोंगर मोजलेला नाही. आजच्या काळात रस्त्याची आखणी संगणकावरच होते आणि तिच्या प्रत्येक वळणाला अक्षांश-रेखांश असतो, नाहीतर उद्या खुणेचे दगड कुठे रोवणार? म्हणजे आकडे होते. कुठल्यातरी संगणकावर ही रेघ अगदी नेमकी बसलेली होती. मग ती छापली, सह्या-शिक्के झाले, कागद स्कॅन केला आणि वर चढवला. या प्रवासात एकच गोष्ट गळून पडली, ती म्हणजे ही रेघ जमिनीवर कुठे आहे ही. आणि नकाशात दुसरं असतं काय?

माझं म्हणणं एवढंच आहे: अक्षांश-रेखांश काढून घेतलेला नकाशा प्रसिद्ध करणं म्हणजे नकाशा न देणं. तो नकाशा नाही, नकाशाचा फोटो आहे. बँकेने पासबुकाऐवजी पैशांचा फोटो दिला तर चालेल का?

कुणी म्हणेल, होतं असं, जुनी पद्धत आहे, मुद्दाम कुणी करत नाही. मान्य, मुद्दाम करत नसतील. पण परिणाम बघा. त्या एजंटाच्या मोबाईलमध्ये काय होतं माहीतेय? केएमएल फाईल. तीच रेघ, गूगल अर्थवर बसवलेली. तात्यांच्या अंगणात उभं राहून त्याने मोबाईलवर दाखवलं, "हे बघा, हा निळा ठिपका म्हणजे आपण, आणि ही लाईन." त्याला ती कुठून मिळाली मला माहीत नाही. कुणी आतून दिली असेल, किंवा त्यानेही माझ्यासारखं कुणाला तरी बसवून लावून घेतली असेल. मुद्दा तो नाही. मुद्दा असा की एकाच सरकारी रेघेचे दोन अवतार गावात फिरत होते: ज्याचं घर जाणार त्याच्यासाठी पीडीएफ, आणि ते घर विकत घेणाऱ्यासाठी केएमएल. बाजार म्हणजे दुसरं काय असतं?

मी तो नकाशा लावला. या वेळी गडांची गरज नव्हती. देऊळ, पुलाची टोकं, शाळा, ओढ्यांची वळणं, तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा. चौदा जोड्या. जीडॅलने चित्र सरळ केलं, मग तीच बारा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट. खाली उपग्रहाचं चित्र. (इथे एक अडचण सांगून ठेवतो. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाची चित्रं फुकट आहेत, दहा मीटरचा ठिपका, पाचेक दिवसांनी नवं चित्र. पण जून ते सप्टेंबर मुळशीवर बघाल तर पांढरा कापूस. ढगांशिवाय काही नाही. चित्र एप्रिलचं घ्या, बांधही दिसतात.) एजंटाची फाईलही तात्यांच्या पुतण्याने कुठूनतरी मिळवली, ती वर टाकली.

एजंटाची रेघ आणि सरकारी रेघ तात्यांच्या घरापाशी एकमेकींपासून साठ-सत्तर मीटर लांब होत्या. बाकी सगळीकडे त्यामानाने जवळ. सरकारी रेघेचा मध्य घरापासून बराच खाली, विहिरीवरून जात होता. माझ्या कामातली चूक पंधरा मीटरपर्यंत धरली, रेघेची जाडी धरली, तरी घर बाहेर. विहीर मात्र आत, कशीही धरली तरी. एजंटाची फाईल चुकून सरकली होती की सरकवली होती हे मी सांगू शकत नाही, आणि तुम्हीही सांगू नका. ज्या समाजात खरी फाईल कुणाकडेच नाही तिथे खोटी फाईल खोटी आहे हे सिद्ध कशाने करणार?

तात्यांनी विसार घेतला नाही. सत्ताविसाव्या दिवशी हरकत दाखल केली, घराबद्दल नाही, विहिरीबद्दल. कारण त्या विहिरीवर चार घरं आहेत. सोबत माझा छापील नकाशा जोडला, खाली चूक किती असू शकते तेही लिहून. आवक विभागातल्या माणसाने तो उलटसुलट बघितला आणि विचारलं, "हा कुठून आणला?" तात्या म्हणाले, "साहेब, तुमचाच आहे. फक्त सरळ केलाय."

आता नेहमीच्या सबबी.

पहिली, सुरक्षा. देशाचे नकाशे असे उघडे टाकायचे का? ही सबब एके काळी निदान कागदावर तरी होती. २०१६ साली तर एक मसुदा आला होता, परवानगीशिवाय नकाशाची माहिती वापरली तर सात वर्षांपर्यंत कैद आणि शंभर कोटींपर्यंत दंड. (माझ्यासारख्याने लग्नाच्या पत्रिकेवर हॉलचा नकाशा काढण्याआधी वकील गाठला असता!) तो कायदा झालाच नाही. उलट १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्र सरकारने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि भारतीयांना नकाशे करायला, वापरायला आगाऊ परवानगी लागणार नाही असं सांगितलं. २०२२ च्या डिसेंबरात राष्ट्रीय धोरणही आलं. दिल्लीने दार उघडलं. तालुक्याच्या रस्त्याची आखणी अजून कडी लावून बसली आहे. आणि मुळात जी रेघ जनतेच्या हरकतींसाठीच प्रसिद्ध केली, ती नेमकी कुठे आहे यात गुपित कसलं?

दुसरी, लोक गैरवापर करतील. अहो, करतच आहेत. वर वाचलंत ना?

तिसरी सबब जरा खरी आहे, म्हणून तिला जास्त जागा देतो. अशी रेघ कायदेशीर नसते, शेवटी भूमी अभिलेखची मोजणी होईल तीच खरी, लोकांनी मोबाईलवरच्या रेघेवर विश्वास ठेवून भांडणं केली तर? बरोबर आहे. पडद्यावर रेघ फार ठाम दिसते. पाहिजे तेवढं झूम करा, ती हसत हसत तुमच्या आंब्याच्या झाडाच्या बुंध्यावरून जाते, जणू तिथे कुणी मोजून गेलंय. मी मुळशीकराच्या जुन्या गावाचा नकाशा लावला तेव्हा त्यांच्या घरच्यांना मला तीनदा सांगावं लागलं की यावरून पणजोबांचं घर नेमकं कुठलं ते कळणार नाही, वाडी कळेल फार तर. पण याचा उपाय फाईल न देणं हा नाही. फाईलबरोबर एक वाक्य लिहा: ही रेघ इतके मीटर इकडे-तिकडे असू शकते, अंतिम मोजणी अजून व्हायची आहे. फुकट आहे हे वाक्य. आणि मोजणी अंतिम आहे म्हणता तर हरकतीची मुदत तिच्याआधी का संपते?

चौथी सबब कुणी मोठ्याने बोलत नाही, पण ऐकू येते. गावातल्या लोकांना नकाशा कुठे कळतो! तात्यांना फोनवर मी लिंक पाठवली. त्यांना पट्टी सरकवायला शिकवावं लागलं नाही. पाचव्या मिनिटाला त्यांनी मला माझीच चूक दाखवली, मी शाळा म्हणून जी इमारत धरली होती ती जुनी शाळा, आता गोडाऊन. नवी पलीकडे. ती जोडी बदलल्यावर चूक तीन मीटरने कमी झाली.

माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा. त्याचं कलम चार आपण सगळे विसरतो, कारण अर्ज करण्यातच मजा येते. त्यात लिहिलंय की सरकारने आपणहून माहिती द्यायची, ती देताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात लोकांपर्यंत पोचायचा सर्वांत परिणामकारक मार्ग यांचा विचार करायचा, आणि जमेल तितकी ती इलेक्ट्रॉनिक रूपात उपलब्ध ठेवायची. स्कॅन केलेलं पीडीएफ हे इलेक्ट्रॉनिक आहे असं ज्यांना वाटतं त्यांना मी जेवणाचा फोटो पाठवणार आहे.

नकाशा लपला की चर्चा कशी नासते याचं मोठं उदाहरण आपल्याच सह्याद्रीचं. माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचा अहवाल २०११ च्या ऑगस्टमध्ये दिला. लोकांच्या हातात आला मे २०१२ मध्ये, तोही माहिती आयोग आणि उच्च न्यायालय यांच्या पायऱ्या चढून. गाडगीळांनी घाट पाच मिनिटांच्या चौकोनांत मांडला होता, म्हणजे साधारण नऊ किलोमीटरचा एक ठिपका. त्यानंतरच्या कस्तुरीरंगन समितीने, २०१३ साली, उपग्रहाचा २४ मीटरचा ठिपका वापरला. पण नऊ किलोमीटर असो की २४ मीटर, अधिसूचनेच्या मसुद्यांत शेवटी उतरली ती गावांच्या नावांची यादी. ३१ जुलै २०२४ चा मसुदा सहावा, हरकतींना साठ दिवस, आणि पुणे जिल्ह्यातल्या घाटाकडच्या गावांत मुळशीचीही. कुठलंही गाव घ्या, यादीत नाव आहे की नाही एवढंच कळतं. गावातला कुठला उतार, कुठलं रान, का? मग पारावर चर्चा एकच, "घर बांधता येणार नाही म्हणे." ज्याला पट्टी सरकवून रान दिसलं असतं तो कदाचित तरीही विरोधच करेल. पण मग निदान कशाला विरोध करतोय ते त्याला दिसलं असतं.

हे अशक्य आहे का? स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हजारो जुने नकाशे आजच्या नकाशावर बसवून ठेवलेत, पट्टीसकट, कुणीही घरबसल्या बघावेत. आमच्या अमेरिकन गिऱ्हाईकाच्या काउंटीत प्रत्येक प्लॉटच्या हद्दी फाईलमध्ये उतरवून घेता येतात. आपल्याकडे गटनकाशे आणि सातबारा ऑनलाईन आले, हे मोठं काम झालंय आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. म्हणजे जमतं. आराखडे आणि आखण्यांच्या वेळीच हात आखडतो.

आता आपल्याकडे वळतो, कारण सरकारला शिव्या देऊन झोप छान लागते. हिंजवडी कुठल्या तालुक्यात आहे? मी टीममध्ये विचारलं. हवेली, पुणे शहर, 'पीसीएमसी ना?' अशी उत्तरं आली. हिंजवडी मुळशी तालुक्यात आहे, मंडळी. माणही. आपण रोज मुळशी तालुक्यात बसून मुळशी तालुका सोडून सगळ्या जगाचे नकाशे लावतो. ज्या इमारतीत बसतो तिच्या खालीही शेतं होती, आणि त्यांच्याही आखणीचा कधीतरी कुणीतरी कागद काढला असेल, आणि कुणीतरी तात्या तो उलटसुलट बघत बसले असतील. आपल्याला त्या तालुक्याबद्दल दोन तक्रारी माहीत आहेत, ट्रॅफिक आणि लाईट जाणं. आपल्यापैकी कुणालाही हे काम एका शनिवारात जमतं. मला जमलं म्हणजे कुणालाही जमतं, माझी इंजिनीअरिंगची मार्कशीट घरच्यांनी जपून लपवून ठेवली आहे.

"आपण कशाला, हे तर सरकारचं काम" असं मुळशीकरच मला म्हणाला. बरोबर आहे, सरकारचंच काम आहे. आपण लावून देतोय ते तहानलेल्याला ओंजळभर पाणी, नळ त्यांनीच द्यायला हवा. म्हणून तात्यांच्या हरकतीत आम्ही शेवटी एक परिच्छेद वाढवला: प्रसिद्ध आखणीची अक्षांश-रेखांशासह फाईल द्यावी आणि ती दिल्याच्या तारखेपासून हरकतींची मुदत मोजावी. त्याला अजून उत्तर नाही. पोच आहे, शिक्क्यासकट. तसाच परिच्छेद आता शेजारच्या दोन गावांतल्या हरकतींतही गेला आहे. तात्यांनीच झेरॉक्स काढून वाटला.

जुन्या गावांच्या नकाशाची आणखी दोन शीटं लावायची राहिली आहेत, तळ्याच्या पश्चिमेकडची. जोड्यांसाठी गडांवर जाऊन ठिपके तपासायचे आहेत, कैलासगडाचा माझा ठिपका मला स्वतःलाच पटत नाही. पुढच्या शनिवारी सकाळी सहाला निघतोय. चांदणी चौकात आठनंतर काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. एक गाडी भरली, दुसरीत तीन जागा आहेत. भजी माझ्याकडून, पण आधी गड.